हाडं बोटांनी शिकायची

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी ॲनाटॉमी शिकवते. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बहुतेक ऑर्थोपेडिक वॉर्डात आणि लेबर रूममध्ये. हाडांचा धडा सुरू होतो तेव्हा आमच्याकडचा सांगाडा मी मुद्दाम कपाटात ठेवते. मुली विचारतात, "मॅडम, स्केलेटन कधी दाखवणार?" मी म्हणते, "आधी स्वतःचं बघा."

बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून आलेल्या या मुली पाठांतरात पक्क्या असतात. प्रौढ माणसात 206 हाडं. त्यातली 80 कवटी, कणा आणि छातीची, उरलेली 126 खांदे, कंबर आणि हातापायांची. कवटीत किती विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "22" म्हणतो. पण "तुझ्या दुसऱ्या बरगडीवर बोट ठेव" म्हटलं की वर्ग गप्प होतो. मला काळजी वाटते ती या गप्प होण्याची. वॉर्डात 206 कुणी विचारत नाही. इंजेक्शन कुठं द्यायचं, ईसीजीचे लीड (हृदयाचा आलेख काढायला छातीवर चिकटवायची टोकं) कुठं लावायचे, छाती नेमकी कुठं दाबायची, बाळाचं डोकं कुठवर उतरलंय, हे सगळं हाड चाचपून ठरतं. मांस कुणाचं जास्त, कुणाचं कमी. पोट सुटतं, कातडी लोंबते. हाड मात्र आपली जागा सोडत नाही, म्हणून आमच्या कामाची सगळी मोजमापं हाडापासून सुरू होतात.

पहिला तास नुसतं उभं राहण्याचा. पाय जुळवलेले, नजर समोर, हात बाजूला, तळवे पुढं. शरीरातली प्रत्येक दिशा या उभं राहण्यावरून सांगतात. पेशंट पालथा असो, कुशीवर असो, मनात त्याला असं उभं करायचं आणि मग बोलायचं. मधल्या रेषेकडची बाजू मीडियल, बाहेरची लॅटरल. धडाजवळचं टोक प्रॉक्सिमल, लांबचं डिस्टल. पुढची बाजू अँटिरियर, मागची पोस्टिरियर. डावं-उजवं नेहमी पेशंटचं. हे शब्द मी तोंडपाठ करून घेत नाही, वापरायला लावते. ड्यूटी बदलताना रजिस्टरमध्ये "पायाला जखम आहे" एवढंच लिहिलेलं असेल तर पुढच्या सिस्टरला पांघरूण काढून शोधत बसावं लागतं. "उजव्या नडगीच्या मीडियल बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर" असं लिहिलं की ती सरळ तिथंच बघते.

तळवे पुढंच का, हे कुणीतरी विचारतंच. तेव्हा सगळ्यांना एक गोष्ट करायला सांगते, तुम्हीही वाचता वाचता करून बघा. डावा हात समोर धरा, तळवा छताकडे. उजव्या हाताचं बोट डाव्या कोपराच्या मागच्या टोकावर ठेवा आणि करंगळीच्या बाजूनं मनगटापर्यंत ओढत न्या. कातडीखाली एक सलग धार लागते. ती अलना. आता बोट तिथंच ठेवून तळवा जमिनीकडे फिरवा. अलना जवळजवळ जागची हलत नाही, आणि अंगठ्याच्या बाजूचं रेडियस तिच्यावरून पलीकडे जातं. तळवा पुढं असतो तेव्हाच ही दोन हाडं समांतर असतात. किल्ली फिरवणं, पीठ मळणं, सलाईनची चकती बंद करणं, सगळं या एका हालचालीवर चाललेलं असतं. याच रेडियसच्या मनगटाकडच्या टोकावर आपण नाडी बघतो. धमनी तिथं हाडावर टेकलेली असते, म्हणून ती बोटाखाली दाबता येते आणि ठोका लागतो. मग मुली एकमेकींची नाडी बघत बसतात आणि मी त्यांना बसू देते. पायातही तसंच आहे. घोट्याच्या आतल्या उंचवट्यामागे एक ठोका मिळतो, पावलाच्या वरच्या बाजूला दुसरा. मधुमेहाच्या पेशंटचा पाय तपासताना हे दोन ठोके शोधावेच लागतात.

छातीवर मी जास्त वेळ घालवते. गळ्याखाली, दोन क्लॅव्हिकल म्हणजे हासळीची हाडं जिथं जवळ येतात तिथं एक खळगा असतो. त्यातून बोट सरळ खाली सरकवत न्या. चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. स्टर्नमचे, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाचे, वरचा आणि मधला असे दोन भाग तिथं जोडलेले आहेत. हा स्टर्नल अँगल. त्याला दोन्ही बाजूंनी येऊन मिळते ती दुसरी बरगडी. पहिली क्लॅव्हिकलच्या आड दडलेली असते, म्हणून मोजणी दुसरीपासूनच करायची. दुसरीच्या खालची फट ही दुसरी जागा, मग तिसरी, चौथी. ईसीजीचं व्ही-वन नावाचं लीड चौथ्या जागेत, स्टर्नमच्या उजव्या काठाला. व्ही-टू त्याच जागेत डाव्या काठाला. व्ही-फोर पाचव्या जागेत, क्लॅव्हिकलच्या मध्यातून खाली सोडलेल्या रेषेवर, आणि व्ही-थ्री हे व्ही-टू आणि व्ही-फोरच्या मध्ये. घाईत नजरेच्या अंदाजानं लावलेले लीड बहुतेक वेळा वरच लागतात. मग कागदावर वेगळंच चित्र उमटतं आणि कधीच न आलेला हार्ट अटॅक येऊन गेल्यासारखा दिसू शकतो. एका उंचवट्यावर बोट ठेवायला पाच सेकंद लागतात.

हृदय बंद पडल्यावर छाती दाबायची तीही याच हाडावर, स्टर्नमच्या खालच्या अर्ध्या भागात, मधोमध, अगदी खालचं टोक सोडून. मोठ्या माणसात 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. बरगड्या पुढच्या बाजूला कूर्चेनं, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक भागानं, जोडलेल्या असतात, म्हणून छाती दबते आणि परत वर येते. वरच्या 7 जोड्या थेट स्टर्नमला येतात, पुढच्या 3 वरच्या कूर्चेला चिकटतात, शेवटच्या 2 पुढून मोकळ्या असतात. म्हाताऱ्या माणसात ही कूर्चा कडक झालेली असते, आणि दाबताना बरगडी मोडल्याचं हाताला कळतं. नवीन मुली तिथंच दचकून हात उचलतात. मी पहिल्या वर्षापासून सांगते, हात उचलायचा नाही. बरगडी नंतर जुळते.

इंजेक्शनच्या जागाही हाडावरूनच. खवाट्याच्या, म्हणजे खांद्याच्या फऱ्याच्या, मागच्या बाजूला जी आडवी धार लागते, ती चाचपत बाहेर आलं की खांद्यावर एक चपटं टोक मिळतं. ते अक्रोमिअन. त्याच्या खाली दोन-तीन बोटं, दंडाच्या बाहेरच्या बाजूला मधोमध सुई. फार वर दिली तर खांद्याच्या सांध्याशी जाते. खाली आणि मागं सरकली तर ह्युमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, पाठीला चिकटून जाणारी रेडियल नर्व्ह (मज्जातंतू) आहे. कमरेच्या इंजेक्शनच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. आपल्याकडे पेशंट स्वतःच पालथा होतो आणि सिस्टर नितंबावर अंदाजानं देते. त्याच भागातून सायटिक नर्व्ह खाली उतरते. तिला सुई लागली तर पाऊल उचलता न येण्यापर्यंत पाळी येते. म्हणून मी बाजूची जागा शिकवते, व्हेंट्रोग्लुटिअल. पेशंटचा डावा खुबा असेल तर आपला उजवा हात, उजवा असेल तर डावा. तळहाताचा मनगटाकडचा भाग खुब्याच्या बाहेर आलेल्या हाडावर, म्हणजे ग्रेटर ट्रोकँटरवर ठेवायचा. अंगठा जांघेकडे. तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर, आणि मधलं बोट मागं पसरून कमरेच्या काठाकडे. दोन बोटांमध्ये जी जागा उरते तिथं सुई. स्नायू भरपूर असतो आणि मोठी नस किंवा रक्तवाहिनी जवळ नसते. तान्ह्या बाळाला मात्र नितंबात द्यायचंच नाही, त्याचा तिथला स्नायू अजून भरलेला नसतो. म्हणून पेंटाची (पाच रोगांवरची एकत्र) लस डाव्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, मधल्या भागात देतात.

आता माझं सगळ्यात लाडकं हाड. कमरेवर हात ठेवून उभ्या राहा. हाताखाली जो काठ लागतो तो इलियाक क्रेस्ट. दोन्ही बाजूंचे सगळ्यात उंच बिंदू पाठीमागून रेषेनं जोडले तर ती रेषा साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. पाठीतून पाणी काढताना किंवा सिझेरियनच्या वेळी मणक्यात भूल देताना डॉक्टर हीच रेषा शोधतात. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्यामुळे या रेषेच्या आसपास सुई घातली तर ती त्याला लागत नाही. सिस्टरचं काम पेशंटला गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घेऊन वाकवून धरण्याचं. असं वाकलं की मणक्यांच्या मागच्या फटी उघडतात. "आजी, अजून थोडं वाका" हे आपण का म्हणतोय ते माहीत असलं की धरणारा हातही नीट धरतो.

कमरेचं एकेक हाड तीन हाडांचं मिळून झालेलं असतं. वरचं इलियम, बसायचं इश्चियम, पुढचं प्युबिस. लहानपणी ती वेगळी असतात आणि मध्ये कूर्चा असते. वयात येताना खुब्याच्या खोबणीत, तिघं जिथं भेटतात तिथं, जुळून एक होतात. बाकावर बसल्या बसल्या दोन्ही हात नितंबांखाली घेतले तर दोन टणक गाठी लागतात. त्या इश्चियमच्या, आपण बसतो ते त्यांच्यावर. त्यांच्या जरा वर, आतल्या बाजूला दोन बारीक टोकं असतात, इश्चियल स्पाइन. ती बाहेरून लागत नाहीत, बाळंतपणात आतून तपासतानाच लागतात. बाळाचं डोकं या दोन टोकांच्या पातळीला आलं की स्टेशन शून्य. वर असेल तर उणे, खाली उतरलं की अधिक, सेंटिमीटरमध्ये. लेबर रूममध्ये रात्री दोन वाजता बाई कळा देऊन थकलेली असते, बाहेर सासू आणि नवरा ताटकळलेले असतात आणि डॉक्टर फोनवर विचारतात, "स्टेशन काय?" त्या वेळी सिस्टरच्या बोटांना ती दोन टोकं माहीत असावी लागतात. शून्यावर तासन् तास अडकलेलं डोकं आणि अधिक दोनवर आलेलं डोकं, दोन्हींचा पुढचा निर्णय वेगळा.

आणि बोटाखाली येतं ते बाळाच्या कवटीचं हाड. जन्मताना कवटीची हाडं एकमेकांना जुळलेली नसतात, त्यांच्यामध्ये पडद्याच्या शिवणी असतात. म्हणून बाहेर येताना ती एकमेकांवर थोडी सरकतात आणि डोकं अरुंद होऊन वाट काढतं. बाळंत झालेली आई कित्येकदा घाबरून विचारते, "सिस्टर, डोकं असं लांबट का दिसतंय?" काही दिवसांत ते आपोआप गोल होतं, चोळून बसवायला जाऊ नये. शिवणी जिथं भेटतात तिथं मऊ जागा राहतात. मागची त्रिकोणी, तीन हाडांमधली, दोन-तीन महिन्यांत भरते. पुढची शंकरपाळ्याच्या आकाराची, चार हाडांमधली. तीच आपली टाळू, साधारण दीड वर्षापर्यंत भरते. आतून तपासताना त्रिकोण लागला की डोकं नीट वाकलेलं आहे, हनुवटी छातीला आहे, असं समजायचं. घरोघरी आज्या टाळूवर तेल घालतात, त्यामुळे त्यांच्या हाताला टाळू फार चांगली कळते. जुलाब-उलट्या झालेलं बाळ घेऊन आलेली एखादी आजी "टाळू खोल गेलीय हो" म्हणाली, की मी तिचं म्हणणं लगेच मनावर घेते. अंगातलं पाणी कमी झाल्याची ती खूण आहे. ताप असलेल्या शांत बाळाची टाळू फुगून ताठ झाली असेल तर तेही तितकंच तातडीचं.

हे सगळं झालं की मग कपाट उघडते. उभा सांगाडा प्लास्टिकचा आहे, पण एका पेटीत खरी हाडं आहेत, जुन्या काळची. एके काळी भारतातून, विशेषतः कोलकात्यातून, जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना सांगाडे जात. 1985 साली सरकारनं ती निर्यात बंद केली. आमच्या पेटीतल्या हाडांवर शाईनं नंबर आहेत, नाव नाही. म्हणून माझा नियम आहे, हाड दोन्ही हातांनी उचलायचं, काही दाखवायला पेनसारखं फिरवायचं नाही, त्याच्यासोबत फोटो काढायचा नाही. त्यात कमरेचा एक मणका आहे, त्याच्या काठाला जागोजाग टोकदार हाड वाढलेलं आहे. वय झालेलं माणूस असावं. फीमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या, मागच्या बाजूला लांब खडबडीत रेघ आहे. मांडीचे स्नायू तिथं चिकटतात आणि त्यांच्या ओढीची ती खूण. मुली त्या रेघेवरून अंगठा फिरवतात तेव्हा त्यांचे चेहरे बदलतात, ते मला दरवर्षी बघायला आवडतं.

त्याच रेघेच्या जवळ एक बारीक भोक आहे. तिथून धमनी हाडात शिरते. पेटीतलं हाड कोरडं असतं म्हणून विसरायला होतं, पण जिवंत हाड ओलं असतं, त्यात रक्त खेळतं आणि ते सतत मोडून नव्यानं घडत असतं. मांडीचं हाड मोडलं तर बाहेर थेंब न सांडता आतल्या आत लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त जाऊ शकतं. हायवेवरच्या ॲक्सिडेंटचा पेशंट शुद्धीवर आहे, बोलतोय, मांडी सुजलीय आणि नाडी वाढत चाललीय, असं दिसलं तर आधी सलाईनची तयारी करायची.

हातापायांच्या लहान हाडांवर मी भराभर पुढं जाते. एकेका हातात 27, एकेका पावलात 26. म्हणजे 206 पैकी 106 हाडं नुसत्या पंज्यांत. एवढं ऐकल्यावर विड्या वळणाऱ्या एका बाईची मुलगी म्हणाली, "म्हणून आईची बोटं एवढी चालतात." मनगटाच्या आठ हाडांपैकी एकच मी सगळ्यांना शोधायला लावते. अंगठा ताणला की मनगटाच्या बाजूला खळगा पडतो, त्याच्या तळाशी स्कॅफॉइड. हातावर पडलेल्या पेशंटला तिथं दाबल्यावर दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी त्याला "काही नाही, मुरगळलंय" म्हणून घरी पाठवू नये. या हाडाला रक्त बोटांकडच्या बाजूनं येतं, त्यामुळे ते मोडलं आणि दुर्लक्ष झालं तर मागचा तुकडा मरतो.

पायात दोन जागा. घरात घसरून पडलेली आजी, उठता येत नाही, एक पाय आखूड झालेला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. एक्स-रेच्या आधीच ओळखायचं, खुबा मोडलाय. तिला उचलून बसवायचा, चालवून बघायचा प्रयत्न करायचा नाही. दुसरी जागा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली. तिथं गोल गोटी लागते, ते फिब्युलाचं, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं, डोकं. त्याच्या खालच्या मानेला वळसा घालून एक नर्व्ह कातडीच्या अगदी जवळून जाते. प्लास्टर तिथं दाबलं, किंवा झोपलेल्या पेशंटचा पाय बाहेर कलंडून पलंगाच्या लोखंडी कडेला टेकून राहिला, तर पाऊल लुळं पडतं. ऑर्थोच्या वॉर्डात मी प्रत्येक राउंडला प्लास्टरवाल्यांना म्हणायची, "दादा, अंगठा वर करा." अंगठा वर झाला की पुढच्या कॉटवर. नाही झाला तर लगेच डॉक्टरांना फोन, सकाळची वाट बघायची नाही.

शेवटचा तास बेडसोरचा. तो मी मुलींइतकाच घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांसाठी इथं लिहिते आहे. हाड जिथं कातडीच्या अगदी जवळ आहे तिथं गादी आणि हाड यांच्यामध्ये कातडी दबते, रक्त थांबतं आणि ती मरायला लागते. उताणं झोपलेल्या माणसात डोक्याचा मागचा भाग, खवाटे, कोपरं, माकडहाडाच्या वरचं सॅक्रम आणि टाचा. कुशीवर असेल तर खुब्याचं हाड, गुडघ्याच्या बाजू, घोटा. रोज आंघोळ घालताना या जागा उजेडात बघायच्या. लाल झालेली जागा बोटानं दाबून सोडली आणि लाली गेली नाही तर जखम सुरू झाली आहे असं समजायचं. तिथं चोळायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि कुशीवर करताना पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं ठेवायचं, म्हणजे भार खुब्याच्या टोकावर येत नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचेखाली मात्र उशी नको. ती पोटरीखाली लांब घालायची, टाच गादीपासून उचललेली राहील अशी.